मेजावरील संगणकातील पंखे व प्रकाशयोजना यांच्या जोडणीचा इतिहास : सार्वजनिक मानक आणि खासगी मानक

सारांश

मेजावरील संगणकाच्या कॅबिनेटमध्ये आज दोन प्रकारच्या तारा शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक तार हवा खेळवणाऱ्या पंख्याची आणि दुसरी त्याच पंख्यावर बसविलेल्या एलईडी दिव्यांची. पंख्याची जोडणी गेल्या तीन दशकांत जवळजवळ सर्वत्र एकसारखी झाली. दिव्यांची जोडणी मात्र उत्पादकागणिक भिन्न राहिली. हा फरक तांत्रिक कारणांनी पडलेला नसून तो दोन भिन्न आर्थिक हेतूंचा परिणाम आहे, आणि अलीकडच्या काळात दुसऱ्या व्यवस्थेने पहिलीला आपल्यात सामावून घेण्यास प्रारंभ केला आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपले लक्ष साहजिकच मोठ्या शोधांकडे जाते. प्रोसेसर, स्मृती, संगणकीय भाषा यांविषयी विपुल लेखन झालेले आहे. त्या मानाने ज्या क्षुद्र भासणाऱ्या वस्तूंवर हे सारे अवलंबून असते, त्या जोडण्या, पिना आणि प्लग यांच्याकडे इतिहासकाराने फारसे पाहिलेले नाही. वास्तविक एका उत्पादकाची वस्तू दुसऱ्या उत्पादकाच्या वस्तूला जोडता येते की नाही, या साध्या प्रश्नात बाजारपेठेचे स्वरूप, ग्राहकाचे स्वातंत्र्य आणि वस्तूचे आयुष्य या तिन्ही बाबी गुंतलेल्या असतात. संगणकातील पंखा आणि त्यावरील दिवे हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उत्तम उदाहरण आहे; कारण येथे दोन्ही व्यवस्था एकाच वस्तूवर, एकाच चौकटीत एकत्र आलेल्या आहेत.

खोलीकडून कॅबिनेटकडे

संगणक आणि उष्णता यांचे नाते आरंभापासूनचे आहे. १९४६ साली अमेरिकेत जगासमोर आलेल्या एनिॲक या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागत असे. यातील जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होत असल्याने ती बाहेर नेण्यासाठी जोरदार हवेचा प्रवाह निर्माण करणारी यंत्रणा यंत्राचाच भाग होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार होऊन १९६० साली कार्यान्वित झालेल्या आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केलेल्या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. या पिढीच्या यंत्रांच्या बाबतीत उष्णतेचा विचार इमारत आणि खोली यांच्या पातळीवर करावा लागे. संगणक ज्या खोलीत असेल ती खोली हेच त्याचे कॅबिनेट होते, असे म्हणता येईल.

मायक्रोप्रोसेसर आल्यानंतर संगणक खोलीतून मेजावर आला आणि काही काळ उष्णतेचा प्रश्न मागे पडला. १९७७ च्या ॲपल टू या संगणकात पंखाच नव्हता. रॉड होल्ट यांनी त्यासाठी तयार केलेला स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा इतका हलका व कमी तापणारा होता की पंख्यावाचून चालू शकले. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्येही पंखा नव्हता. आवाज न करणारे यंत्र हा या कंपनीचा आग्रह पुढेही टिकला. २००० साली आलेला पॉवर मॅक जी-४ क्यूब हा त्याचा एक आविष्कार होय. त्याचे उत्पादन मात्र वर्षभरातच, जुलै २००१ मध्ये, थांबविण्यात आले.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या आयबीएम पीसीने वेगळा मार्ग स्वीकारला. त्याच्या ६३.५ वॅटच्या एसएमपीएसमध्येच एक पंखा बसविलेला होता आणि तोच संपूर्ण यंत्रातील उष्ण हवा मागच्या बाजूने बाहेर फेकत असे. त्यातील इंटेल ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने चालत असे आणि त्याला स्वतंत्र पंख्याची गरज नव्हती. मात्र या यंत्राचे दुसरे वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. आयबीएमने विद्युत्‌मंडलांच्या आकृत्यांसह तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. परिणामतः इतर उत्पादकांना त्यात बसणारे भाग तयार करता आले आणि कालांतराने त्या यंत्राशी सुसंगत असे संपूर्ण संगणकही बाजारात आले. सुट्या भागांतून संगणक जुळविण्याची जी पद्धती पुढे आपल्याकडील शहरांतूनही रूढ झाली, तिचे मूळ या घटनेत आहे.

तिसरी तार

१९९० च्या दशकात प्रोसेसरचा वेग वाढला आणि त्याबरोबर त्याची उष्णताही वाढली. १९९३ च्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरला सुमारे १६ वॅटपर्यंत उष्णता बाहेर टाकावी लागत असल्याने त्यावर धातूचा उष्णताशोषक आणि त्यावर छोटा पंखा ही जोडी सर्वसामान्य झाली. पंखा आता एसएमपीएसच्या पेटीतून बाहेर पडून यंत्राच्या अंतर्भागात आला. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे मदरबोर्ड व कॅबिनेट यांच्या मापांचे मानक प्रसिद्ध केले, तेव्हा एसएमपीएसचा पंखा बाहेरची हवा आत ओढून थेट प्रोसेसरवर सोडील, अशी कल्पना आरंभीच्या आवृत्तीत होती. व्यवहारात ती टिकली नाही; एसएमपीएसने उष्ण हवा बाहेर टाकावी आणि प्रोसेसर व कॅबिनेट यांना स्वतंत्र पंखे असावेत, हीच रचना रूढ झाली.

आरंभी हे पंखे डिस्क ड्राइव्हसाठी असलेल्या चार पिनांच्या मोठ्या प्लगमधून वीज घेत आणि सदैव पूर्ण वेगाने फिरत. पंखा बंद पडला तर यंत्राला त्याची काहीच वार्ता नसे. मदरबोर्डवरील तीन पिनांच्या हेडरमुळे हा दोष दूर झाला. पहिली पिन भूसंपर्काची, दुसरी १२ व्होल्टची आणि तिसरी वेगाच्या संकेताची अशी ही योजना आहे. विद्युत्‌धारेवरील चुंबकीय परिणामाचा जो शोध एडविन हॉल यांनी १८७९ साली लावला, त्यावर आधारलेला संवेदक ब्रशविरहित पंख्यात बसविलेला असतो. पंख्याच्या प्रत्येक फेऱ्यास तिसऱ्या तारेवर दोन स्पंदने येतात. म्हणजे मिनिटाला १,२०० फेरे घेणारा पंखा सेकंदाला ४० स्पंदने पाठवितो आणि मदरबोर्ड त्यांवरून वेग मोजतो. वीज नेणाऱ्या दोन तारांच्या जोडीला आलेल्या या तिसऱ्या तारेमुळे पंखा प्रथमच यंत्राशी बोलू लागला.

चौथी तार

यंत्राला पंख्याचा वेग कळू लागला, तरी तो नेमकेपणाने बदलता येत नव्हता. तीन तारांच्या पंख्याचा वेग कमी करण्याचा उपाय म्हणजे त्याचा व्होल्टेज उतरविणे. परंतु एका मर्यादेखाली व्होल्टेज गेल्यास पंखा सुरूच होत नाही. आणि मुख्य वीज तुकड्यातुकड्यांनी दिल्यास वेगाचा संकेतही तुटक होतो. वेग कमी करण्याचे महत्त्व मात्र मोठे होते. पंख्याच्या नियमांनुसार हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात, तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केल्यास सिद्धांततः एक अष्टमांश शक्ती पुरते, आणि आवाजही लक्षणीय कमी होतो.

२००४ साली ही गरज निकडीची झाली. त्या वर्षीच्या पेंटियम ४ मालिकेतील काही प्रोसेसरांची उष्णता ११५ वॅटपर्यंत पोहोचली होती. ट्रान्झिस्टर लहान होत जाईल तसा त्याचा वीजवापरही त्याच प्रमाणात घटत जाईल, असा जो नियम रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडला होता, त्याची मर्यादा या सुमारास उघड झाली. याच पार्श्वभूमीवर इंटेलने चार तारांच्या पंख्याचे मानक पुढे आणले, त्याची १.३ ही आवृत्ती सप्टेंबर २००५ ची आहे. या योजनेत पंख्याला १२ व्होल्टचा पुरवठा अखंड मिळतो आणि चौथ्या तारेवरून २५ किलोहर्ट्झच्या आसपासची स्पंदने पाठविली जातात. प्रत्येक स्पंदनाची रुंदी जितकी अधिक, तितका पंख्याचा वेग अधिक. मानवी कानाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असल्याने या नियंत्रणाचा गुणगुणाट ऐकू येत नाही.

या मानकाची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत. पहिले असे की, ते प्रसिद्ध केलेले होते; कोणत्याही देशातील पंख्याचा किंवा मदरबोर्डचा उत्पादक त्यानुसार वस्तू तयार करू शकत होता. दुसरे असे की, त्याने जुन्याला बाद केले नाही. तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या हेडरवर बसतो आणि चार पिनांचा पंखा तीन पिनांच्या हेडरवर बसतो. प्लॅस्टिकची पट्टी योग्य पिना जुळवून घेते. अर्थात यामागे परोपकार होता असे समजण्याचे कारण नाही. उष्ण प्रोसेसर विकावयाचा असेल तर तो कोणाच्याही कॅबिनेटमध्ये, कोणाच्याही पंख्याने थंड राहणे इंटेलच्याच हिताचे होते. येथे उत्पादकाचा स्वार्थ आणि सार्वजनिक सोय ही एकाच दिशेने गेली.

बीटीएक्सचे अपयश

याच काळातील एक विरुद्ध उदाहरण उद्बोधक आहे. इंटेलनेच २००३ साली बीटीएक्स नावाची नवी रचना जाहीर केली. उष्णतेचा विचार करून मदरबोर्डवरील भागांची मांडणीच तीत बदललेली होती आणि वायुप्रवाहाच्या दृष्टीने ती सुविचारित होती. परंतु ती स्वीकारावयाची तर मदरबोर्ड आणि कॅबिनेट दोन्ही बदलणे भाग होते. २००६ च्या जुलैमध्ये कोअर २ ड्युओ हा प्रोसेसर आला. त्याच्या मेजावरील संगणकासाठीच्या बहुतेक प्रकारांची उष्णता ६५ वॅटच्या मर्यादेत होती. बीटीएक्सची निकड संपली आणि त्याच वर्षी इंटेलने ती रचना पुढे न नेण्याचे ठरविले. एकाच कंपनीने, एकाच प्रश्नावर, जवळजवळ एकाच वेळी सुचविलेल्या या दोन उपायांपैकी सर्व काही बदलू पाहणारा उपाय लोपला आणि केवळ एक पिन वाढविणारा उपाय आजही टिकून आहे.

प्रकाशाचा प्रवेश

दिव्यांचा इतिहास वेगळ्या प्रेरणेतून घडला. लाल रंगाचा दृश्य एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली तयार केला. परंतु तेजस्वी निळा एलईडी मिळण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. जपानमधील निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ च्या सुमारास तो सिद्ध केला आणि या विषयातील कार्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही एकत्र आल्याने एका ठिपक्यातून हवा तो रंग निर्माण करणे शक्य झाले.

याच सुमारास हौशी मंडळी स्वतःच्या कॅबिनेटला खिडक्या कापून त्यांत रंगीत नळ्या बसवू लागली होती. उत्पादकांनी या हौशीत बाजारपेठ पाहिली. पंखा दर्शनी भागात असतो, तो फिरतो आणि त्याच्यापर्यंत तार आधीच पोहोचलेली असते. त्यामुळे दिवा बसविण्यास त्याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. २०१५ नंतर काचेच्या बाजू असलेली कॅबिनेटे सर्वत्र दिसू लागली आणि पंखा हा शोभेचाही पदार्थ झाला.

दिव्यांच्या जोडणीत दोन पद्धती रूढ झाल्या. पहिलीत चार पिना असतात : १२ व्होल्टची एक आणि तीन रंगांच्या तीन. यात साखळीतील सर्व दिवे एका वेळी एकच रंग दाखवितात. दुसरी पद्धती ५ व्होल्टची असून तिच्यात चारांपैकी एक जागा रिकामी व तीन पिना असतात. येथे प्रत्येक एलईडीत एक सूक्ष्म नियंत्रक असतो. चीनमधील वर्ल्डसेमी कंपनीच्या डब्ल्यूएस २८१२ या प्रकाराने ही पद्धती लोकप्रिय केली. सेकंदाला आठ लाख बिट या गतीने येणाऱ्या संदेशातील पहिले २४ बिट पहिला एलईडी स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेले पुढे पाठवितो. पंगतीत वाढपी पुढे सरकावा तसा हा संदेश पुढे सरकतो. मधला एक दिवा निकामी झाला तर बहुधा त्याच्या पुढील सर्व अंधारात जातात. या दोन पद्धतींत व्होल्टेजचा फरक असल्याने ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टच्या हेडरवर जोडल्यास ते जळून जातात. पंख्याच्या बाबतीत तीन आणि चार पिनांची अदलाबदल निर्धोक होती. येथे ती घातक ठरते.

यापुढचा भेद अधिक मूलगामी आहे. ज्या उत्पादकांनी पंख्यासाठी सर्वमान्य हेडर वापरले, त्यांच्यापैकी कित्येकांनी त्याच पंख्यावरील दिव्यांसाठी स्वतःचे निराळे प्लग, निराळे नियंत्रक आणि निराळी सॉफ्टवेअर प्रचारात आणली. मदरबोर्ड तयार करणाऱ्या असुस, एमएसआय, गिगाबाइट आणि असरॉक या कंपन्यांनी प्रकाशनियंत्रणाला स्वतंत्र नावे दिली. याचे कारण उघड आहे. हवा सर्वांची सारखीच असते. प्रकाश मात्र मालाची ओळख होऊ शकतो. पंख्याची जोडणी समान असण्यात उत्पादकाचा लाभ होता, तर दिव्यांची जोडणी भिन्न असण्यात त्याला लाभ दिसला.

हब : सोय आणि अवलंबन

पंखे व दिवे वाढले, परंतु मदरबोर्डवरील हेडर मोजकेच राहिले. त्यातून हबचा उदय झाला. मदरबोर्डवरील पंख्याच्या हेडरची क्षमता सामान्यतः १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट, धरली जाते. प्रत्येकी ०.२ अँपिअर घेणारे तीन-चार पंखे साध्या फाट्याने जोडता येतात. त्याहून अधिक असतील तर एसएमपीएसमधून थेट वीज घेणारा हब लागतो. असा हब मदरबोर्डकडून वेगाची आज्ञा घेऊन ती सर्व पंख्यांना वाटतो, पण वेगाचा संकेत मात्र एकाच पंख्याचा परत पाठवितो. कारण अनेक पंख्यांची स्पंदने एका तारेवर मिसळली तर मोजणी निरर्थक होईल. म्हणून इतर पंख्यांपैकी एखादा थांबला तरी मदरबोर्डला ते कळत नाही. तिसऱ्या तारेने जे मिळविले होते त्याचा काही अंश हबमध्ये गमवावा लागतो.

दिव्यांच्या हबचेही गणित असेच आहे. प्रत्येक एलईडी पूर्ण पांढऱ्या प्रकाशात ६० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेतो असे धरल्यास १६ दिव्यांच्या पंख्याला जवळजवळ १ अँपिअर लागतो, आणि ५ व्होल्टच्या हेडरची सर्वसाधारण ३ अँपिअरची क्षमता तीन पंख्यांतच संपते. साधा हब एकच संदेश सर्वांना वाटतो, त्यामुळे सर्व पंखे एकसारखेच उजळतात. प्रत्येक पंखा निराळा उजळावयाचा असेल तर मदरबोर्डवरील यूएसबी हेडरला जोडलेला नियंत्रक आणि त्याचे सॉफ्टवेअर आवश्यक ठरते.

अलीकडच्या रचनांनी या गुंतागुंतीवर तोडगा काढला. लियान ली कंपनीने २०२० साली एकमेकांना कडेने जोडले जाणारे पंखे आणले, तर कोर्सेअरने २०२३ साली वीज, वेग आणि प्रकाश या तिन्हींसाठी एकच तार असलेली पद्धती बाजारात आणली. तारांचा पसारा कमी झाला, ही सोय निःसंशय खरी आहे. तथापि अशा रचनेतील पंखा त्याच उत्पादकाच्या हबवाचून किंवा नियंत्रकावाचून मदरबोर्डवरील सर्वसामान्य हेडरला सरळ जोडता येत नाही. हब बिघडला आणि तो पुन्हा मिळेनासा झाला, तर दिव्यांबरोबर वाराही थांबतो. जो पंखा दोन दशके कोणत्याही यंत्राचा होऊ शकत होता, तो प्रकाशाच्या मार्गाने एका घराण्याचा झाला.

सोयीसाठी ही किंमत देणे अपरिहार्य आहे काय? इतिहास तसे सांगत नाही. आर्क्टिक या कंपनीने सर्वमान्य चार पिनांच्याच प्लगला पुढील पंख्यासाठी जागा ठेवून साखळीजोडणी साध्य केली आहे. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात ओपनआरजीबी या मुक्तस्रोत प्रकल्पाने अनेक उत्पादकांचे दिवे एकाच ठिकाणाहून नियंत्रित करण्याचा मार्ग दाखविला, आणि २०२३ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये खुल्या मानकावर आधारित प्रकाशनियंत्रणाचा अंतर्भाव केला. संदेशाची भाषा अशा रीतीने समान होऊ लागली आहे. प्लगचा आकार मात्र अद्याप अनेकांच्या बाबतीत भिन्न आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, मानकाचा स्वीकार त्याच्या तांत्रिक श्रेष्ठतेपेक्षा जुन्या वस्तूंना सामावून घेण्याच्या त्याच्या क्षमतेवर अधिक अवलंबून असतो. चौथ्या पिनेचे यश आणि बीटीएक्सचे अपयश ही याची साक्ष होय. दोन, मानक खुले राहील की खासगी होईल हे उत्पादकाच्या हितसंबंधांवर ठरते; जोडणी सर्वांची असण्यात लाभ असेल तेथे ती खुली होते आणि वेगळेपण विकावयाचे असेल तेथे ती बंदिस्त राहते. तीन, खुले मानक एकदा रूढ झाले म्हणजे ते कायमचे सुरक्षित झाले असे नाही. अधिक सोयीच्या रूपाने येणारी खासगी रचना त्याला न मोडताही निरुपयोगी करू शकते.

या प्रश्नाची व्याप्ती हौशी ग्राहकापुरती नाही. भारतात ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि २०२२ च्या अखेरीस ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे पोर्टल सुरू केले. या दोन्हींचा आशय वस्तूचे आयुष्य वाढावे हाच आहे. आणि एका संगणकातून काढलेला पंखा दुसऱ्यात बसतो की नाही, यावर तो आशय प्रत्यक्षात उतरणे अवलंबून आहे. महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांतून जुने संच एकमेकांच्या सुट्या भागांवर वर्षानुवर्षे चालविले जातात. तेव्हा खरेदीच्या वेळी प्रोसेसर आणि स्मृती यांची जशी चौकशी होते, तशीच पंख्याच्या प्लगचीही व्हावी. निविदेत ‘पंखे मदरबोर्डवरील सर्वसामान्य चार पिनांच्या हेडरला थेट जोडता येणारे असावेत’ एवढे एक वाक्य घातल्यास दहा वर्षांनंतर तो संच दुरुस्त करणाऱ्या प्रयोगशाळा सहायकाचे काम सुकर होईल.